टोपवाल्यांच्या घरातला खोकला

टोपवाल्यांच्या घरी पाऊल टाकणारा माणूस सगळ्यात आधी दार लोटून घ्यायला शिकायचा. दार नुसतं किलकिलं राहिलं तरी आतून म्हाताऱ्याची हाक आलीच म्हणून समजा, "दार! अरे दार! कुणाच्या बापाचा वारा आहे हा?" एक झुळूक आली की पाटावर लांबीप्रमाणे मांडलेले केस उडत, शेंडे मुळांकडे आणि मुळं शेंड्यांकडे होत, आणि एकदा उलटा लागलेला केस टोपात गुंता केल्याशिवाय राहत नाही. दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून पुढच्या खोलीला दोन चांगल्या मोठ्या खिडक्या असून त्यांच्या फटींना कागद चिकटवलेला होता, छताला पंख्याचा आकडा होता पण पंखा नव्हता, आणि भर दुपारी दिवे लावून अख्खं घर त्या खोलीत केस विंचरत, निवडत, जाळीत ओवत बसायचं. उकाड्यानं जीव नकोसा व्हायचा. पण बोलायची कुणाची टाप!

म्हातारा म्हणजे या घरच्या सूनबाईचे सासरे. घरात आणि बाजारात सगळे त्यांना अण्णा म्हणत. कारागीर म्हणून माणूस एक नंबर, यात वाद नाही. नाटकवाले त्यांच्याकडे येत, टक्कल लपवणारे शेटजी मागच्या जिन्यानं येत, आणि अलीकडे तर मोठ्या आजाराच्या औषधांनी केस गेलेल्या बायका डोक्याला रुमाल बांधून येत. अण्णा त्यांना आरशासमोर बसवून टोप असा चढवत की बाई स्वतःकडे बघून रडायची. आणि हे सगळं करताना अण्णा खोकत. मान वळवून, मूठ तोंडाशी धरून, पण खोकत. सकाळी दात घासताना, दुपारी केसांच्या पाटावर, संध्याकाळी नातीला गोष्ट सांगताना.

त्या खोकल्याचं घरात कुणाला काही वाटत नव्हतं. या धंद्यात त्याला 'केस धरणं' म्हणतात. केसांची कूस श्वासातून आत जाते, छातीत बसते, मग माणूस जन्मभर खोकतो, असं त्यांचं म्हणणं. अण्णांच्या वस्तादांना केस धरला होता, वस्तादांच्या वडलांना धरला होता. ज्याला केस धरला नाही तो कसला कारागीर! दोघेही खोकून खोकून वाळले आणि गेले, पण तेवढ्या भागाकडे कुणी बघत नसे. धाकटा दीर तर थट्टा करायचा, "अण्णांच्या खोकल्यामुळे आपल्याला पाटी लावायचा खर्च नाही. गिऱ्हाईक खोकला ऐकत ऐकत बरोबर तिसऱ्या मजल्यावर येतं." मग सगळे हसत. अण्णासुद्धा हसत, आणि हसता हसता आणखी खोकत.

सूनबाई या घरात आली तेव्हा तिला केसाचं मूळ कुठलं नि शेंडा कुठला हेही कळत नव्हतं. वर्षभरात ती नवऱ्याच्या पुढे गेली. टोपाच्या कपाळाकडची ओळ म्हणजे सगळ्यात नाजूक काम. तिथे एका भोकात एकच केस, तोही बारीक आकड्याच्या सुईनं ओढून गाठ मारायची, आणि गाठ दिसता कामा नये. ते काम अण्णा फक्त स्वतः करत. मग एक दिवस त्यांनी ती जाळी सूनबाईच्या मांडीवर ठेवली आणि तिला आपल्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. सूनबाईला मात्र आकाश ठेंगणं वाटलं. त्यानंतर तिचे दिवसच्या दिवस अण्णांच्या शेजारी गेले. पोटुशी असताना, मुलगी झाल्यावर, मुलगी रांगायला लागल्यावर, सदानकदा तिथेच.

ती मुलगी म्हणजे खारू. घरात या जागेवरून त्या जागी कधी चालत गेली नाही, उड्या मारतच गेली, म्हणून खार, म्हणून खारू. तीन वर्षांची होती. सूनबाईचा सगळा जीव त्या पोरीत अडकलेला.

आणि मग सूनबाई खोकायला लागली.

सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "घ्या! हिलाही केस धरला. आता झाली खरी टोपवालीण!" सगळे हसले. सूनबाईही हसली. मग संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले, जेवण जाईना. तरी घरात थट्टाच. एका सकाळी मोरीत खोकताना रक्त पडलं तेव्हा थट्टा थांबली. नवऱ्यानं दवाखान्यात नेलं, थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय.

घरी परत आली तेव्हा तिचं ताट, वाटी, कप, टॉवेल, सगळं गॅलरीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलेलं होतं. इतकी चपळाई त्या घरात कधी कुणी चहा करायला दाखवली नव्हती.

"माहेरून आणलंस हे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं."

"माहेरी कुणाला साधी सर्दी नाही हो आई."

"मग काय आकाशातून पडलं? आमच्या घरात कोण आहे आजारी, दाखव बरं!"

आतून अण्णांच्या खोकल्याची ढास ऐकू आली. सासूबाईंनी दार लावून घेतलं, अण्णांच्या केसांवर वारा जाऊ नये म्हणून. आता बोला!

सूनबाईची रवानगी गॅलरीत झाली. पत्र्याचं छप्पर, तीन बाजू उघड्या, खाली रस्ता, समोर एका शिंप्याच्या दुकानाचं पाठमोरं दार. तिला वाटलं, आपल्याला कुत्र्यासारखं दाराबाहेर बांधलं. खरं तर त्या घरातली धड हवा असलेली तेवढी एकच जागा होती. पण हे सांगणार कोण, आणि ऐकणार कोण?

खारूला कुठे ठेवायचं हा प्रश्न एका वाक्यात सुटला. अण्णा म्हणाले, "पोर माझ्याजवळ झोपेल. माझ्या नातीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही मी." बोलले ते मनापासून. म्हाताऱ्याचा जीव होता तिच्यावर, ते खोटं कशाला म्हणा. पुढच्याच खोलीत, फटींना कागद लावलेल्या त्या खिडक्यांखाली, अण्णांच्या गादीवर खारूची छोटी उशी गेली.

आणि पाठवली कुणी? सूनबाईनं. दवाखान्यात सांगितलं होतं, सुरुवातीचे काही आठवडे तोंडाला मास्क लावा, मोकळ्या हवेत राहा, मुलीला जवळ घेऊ नका, औषध लागू पडलं की मग भीती नाही. सूनबाईनं 'जवळ घेऊ नका' एवढंच काळजावर कोरून घेतलं. खारू दिवसातून शंभर वेळा गॅलरीच्या उंबऱ्याशी यायची, हात पसरायची. सूनबाई मास्कमधून ओरडायची, "जा म्हणते ना! आजोबांकडे जा!" पोर भोकाड पसरून आत पळायची आणि सूनबाई पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळायची. पुढे पुढे पोर रडेनाशी झाली. उंबऱ्यावरूनच बघायची आणि आपणहून मागे फिरायची. सूनबाईला वाटायचं, शहाणी झाली माझी बाई. वाचली.

दवाखान्याची ताई घरी आली. कामात चोख, बोलायला तिखट. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर म्हणाली, "या खिडक्या कधी उघडल्या होत्या शेवटच्या?"

"खिडक्या उघडल्या तर खायचं काय?" अण्णा हसले. "केस उडतात, ताई."

"हा आजार ताटावाट्यांतून नाही पसरत आजोबा. खोकल्यातून हवेत जातो आणि अशा कोंडलेल्या खोलीत तसाच राहतो. सगळ्यांनी श्वास तोच घ्यायचा. तुम्हाला खोकला किती दिवसांचा?"

"हा धंद्याचा आहे," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "ह्यांना केस धरलाय. त्याचा नि ह्याचा काही संबंध नाही."

"तो संबंध आम्ही बघू," ताई म्हणाली आणि थुंकीसाठी प्रत्येकाच्या नावाची डबी ठेवून गेली. खारूला तपासलं, ती ठणठणीत होती. तिला आजार होऊ नये म्हणून रोज द्यायच्या गोळ्या ताईनं सासूबाईंच्या हातात दिल्या. जाताना एक खिडकी स्वतःच्या हातानं उघडली. ती जिना उतरून रस्त्याला लागली न लागली तोच धाकट्यानं लावून घेतली.

थोड्या दिवसांनी निकाल आला. घरात बाकी सगळे निर्दोष, अण्णासुद्धा. सासूबाईंनी तो निकाल गॅलरीच्या उंबऱ्यात उभं राहून असा सांगितला की सूनबाईला मान वर करता येईना. पण आतून तिला हायसं वाटलं. अण्णांच्या खोकल्याचं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, एकदा नाही, दहादा. आता तीही शंका गेली. आपल्याच अंगात काहीतरी वाईट होतं, आपण इथे गॅलरीत राहिलो म्हणजे पोर सुखरूप, असं तिनं स्वतःला बजावलं. मारून मुटकून ती औषधं गिळत राहिली. मळमळायचं, लघवी लाल व्हायची, सांधे दुखायचे. गिळत राहिली.

औषध लागू पडलं. खोकला गेला, गालांवर मांस आलं. दवाखान्यात सांगितलं, "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. मुलीला खुशाल कुशीत घ्या, फक्त औषध पूर्ण करा." ती जवळजवळ धावतच घरी आली. सासूबाईंनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. "डॉक्टरला काय जातंय बोलायला? त्याची पोर आहे का?" नवरा खाली बघत म्हणाला, "राहा ना आणखी थोडे दिवस. कुठे पळून चाललीय ती?" आणि सूनबाईच्या मनात भीती होतीच. ती थांबली.

कामाचं मात्र सोवळं नव्हतं हं! तिला हात लागलेला कप वेगळा घासायचा, पण कपाळाची ओळ भरायला जाळी तिच्याचकडे यायची. गॅलरीला चादर बांधून ती आडोशाला बसायची आणि एकेक केस ओवायची. गिऱ्हाइकांना सांगितलेलं होतं, सून माहेरी गेली आहे. तिनं भरलेले टोप आतल्या आरशासमोर चढायचे, बायका रडायच्या, अण्णांचं कौतुक व्हायचं. वा रे वा माणसं!

खारूच्या उड्या कमी झाल्या हे सर्वात आधी तिलाच कळलं. गॅलरीत बसून तिला दिसत काहीच नव्हतं, ऐकूच यायचं. पावलांचा तो धबधब आवाज येईनासा झाला.

"खारू कुठाय हो आई?"

"झोपलीय."

"आता? या वेळेला?"

"पोरं झोपतात. तू तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी तेच. मग कळलं, अंग तापतंय. मग कळलं, दूध उलटतंय. सासूबाई म्हणाल्या, हवा बदललीय. अण्णा तिला मांडीवर घेऊन बसले होते, काम सोडून, एकसारखं थोपटत, तिच्या डोक्यावर खोकत. सूनबाईनं उंबऱ्यातून हाक मारली, "खारू!" पोरीनं मान वळवायला पाहिजे होती. तिनं डोळे नुसते फिरवले. मान वळेना.

सूनबाईनं मांडीवरची जाळी फेकली. उंबरा, सासूबाई, केसांचा पाट, काय काय ओलांडलं तिला कळलं नाही. पाटावरचे केस खोलीभर झाले. अण्णांच्या मांडीवरून तिनं पोर उचलली आणि अनवाणी जिना उतरली. मागून नवरा धावत आला, रिक्षा त्यानं थांबवली, तेवढं एक केलं.

इस्पितळात पाठीत सुई घालून पाणी काढलं. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. वाचेल की नाही हे कुणी बोलेना. सूनबाई पलंगाचा गज धरून उभी होती आणि सासूबाई डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या, "हिच्या आईचा रोग. आम्ही डोळ्यांत तेल घालून जपली, पण शेवटी आईनंच दिला."

डॉक्टरीणबाईंनी सूनबाईचे कागद बघितले. "आई औषधावर आहे, ती कधीच निर्धोक झालीय. आणि मुलगी तेव्हा ठीक होती. तिला गोळ्या दिल्या होत्या ना, आजार होऊ नये म्हणून?"

सासूबाई पदर सारखा करू लागल्या.

"दिल्या का?"

"कडू होत्या. पोर रडायची. हे म्हणाले, धडधाकट पोरीला कशाला रडवता."

"झोपते कुणाजवळ?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. अण्णा वॉर्डाच्या दारातून आत येत होते, एका हातानं भिंत धरून, दुसरी मूठ तोंडाशी. जिने चढून आल्यामुळे खोकला आवरत नव्हता. डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी म्हाताऱ्याला मुलांच्या वॉर्डातून बाहेर काढलं, चक्क दंडाला धरून.

छातीचा फोटो निघाला. दोन्ही फुप्फुसांना भोकं पडली होती. आजचं नाही हे, कित्येक वर्षांचं, असं त्या म्हणाल्या. केसाबिसाचं काही नाही, क्षयच. दवाखान्याची ताईही आली होती. ती बुचकळ्यात पडली. "पण आजोबांची थुंकी तर स्वच्छ आली होती."

अण्णांबरोबर आलेला धाकटा रडायला लागला. चांगला बाप्या माणूस, ओक्साबोक्शी रडायला लागला. "ती माझी होती," तो म्हणाला. "आई म्हणाली डबी भर. मी भरली."

"मग काय करणार होते मी?" सासूबाई कडाडल्या. "आजारी बायका येतात आमच्याकडे. टोपवाल्यालाच क्षय आहे असं कळलं असतं तर कुणी डोक्याला लावून घेतलं असतं आमचं काम? धंदा बसला असता! आणि मला काय माहीत खरंच असेल म्हणून? केस धरलाय असंच आम्ही सगळे..."

सूनबाईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

नवरा शर्टाचं बटण चाचपत राहिला. "हातात मोठं काम होतं गं तेव्हा," तो म्हणाला.

"मी विचारतेय, डबी धाकट्यानं भरली हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी माझी पोर त्यांच्याजवळ झोपवलीत."

"तूच म्हणालीस ना, आजोबांकडे पाठवा."

तिला इतका संताप आला की हात उचलला गेला, आणि तो हात तिनं स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. कारण ते खरं होतं. तिनंच पाठवली होती. ज्यानं आपल्याला आजार दिला त्याच्याच अंथरुणात तिनं स्वतःच्या हातानं पोर नेऊन ठेवली होती, आणि आपण मोकळ्या हवेत बसून औषधं गिळत होतो. तिला त्या माणसांची किळस आली, स्वतःचीही आली.

अण्णा बाहेर बाकावर बसले होते, तोंडाला मास्क. ती समोरून गेली तेव्हा ते म्हणाले, "मला वाटलं केसच आहे गं, बाळा." त्यांचे डोळे वाहत होते. खोटं बोलत नव्हते ते. तिला वाटलं, खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, धड शिव्या तरी देता आल्या असत्या. ती औषधांच्या दुकानाकडे गेली.

अण्णांना औषधं सुरू झाली. त्यांना आतल्या खोलीत पलंग मिळाला, उशाला तक्के मिळाले. खिडकी उघडली गेली, कारण आता मालकालाच हवेची गरज होती. कप त्यांचा जुनाच राहिला, सगळ्यांच्या कपांत. सासूबाईंनी वेगळा काढला नाही.

खारू वाचली. हे सगळेजण सूनबाईला असं सांगायचे जणू तिनं पेढे वाटायला पाहिजेत. डावा हात उचलला जात नव्हता, डावा पाय ओढला जात होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायामानं चालेल हळूहळू, पण पूर्वीसारखी उड्या मारेल असं वचन मी देत नाही. औषध पुष्कळ महिने, एक दिवस चुकवायचं नाही.

सूनबाई पलंगाच्या कडेला बसली. मास्क नव्हता, अंतर ठेवायचं कारण नव्हतं. कितीतरी महिन्यांनी तिनं पोरीच्या मानेखाली हात घातला. खारूनं अंग आखडून घेतलं. उजव्या, चांगल्या हातानं आईला ढकललं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"अगं, मी आहे. आई."

"तू नको. आजोबा पाहिजे."

"आजोबा घरी आहेत राणी. औषध घे बघू."

दात घट्ट मिटलेले. चमच्यातलं औषध गालावरून उशीत गेलं. परिचारिका म्हणाली, नाक दाबा, उघडेल तोंड. सूनबाईनं मान हलवली. तिनं पुन्हा औषध भिजवलं. गोडीगुलाबी केली, चिमणीची गोष्ट सांगितली, रागे भरली, हात जोडले. पोर भिंतीकडे बघून फक्त आजोबांना हाका मारत होती, हळू आवाजात, जसं काही ते शेजारच्या खोलीत खोकत बसले आहेत.

शेवटी सूनबाईनं चमचा तिच्या ओठांशी नेला आणि सांगितलं, "आजोबांनी निरोप धाडलाय. खारूनं औषध प्यायलं की ते येणार आहेत. तिला गोष्ट सांगणार आहेत."

खारू वळली. तिनं आईकडे नीट निरखून बघितलं, विचारलं, "जवळ झोपणार?"

"हो," सूनबाई म्हणाली, "तुझ्याजवळ झोपणार."

पोरीनं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशीही सूनबाईला तेच सांगावं लागलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.